आठ सप्टेंबर : एका तारखेचं सुरेल गणगोत

जन्मतारखेवरून माणसाचं भविष्य सांगणाऱ्यांनी आठ सप्टेंबरवर जरा नजर टाकावी. या तारखेला सांगलीकडे एक मुलगी जन्मली, आसामात एक मुलगा जन्मला, बोहेमियात एका खाटकाच्या घरी पाळणा हलला, मिसिसिपीत रेल्वेवाल्याच्या घरी एक गवई आला आणि स्टॉकहोममध्ये पुढे लॅपटॉपवर गाणी रचणारा पोरगा आला. पाश्चात्त्य पद्धतीने पाहिलं तर रास सगळ्यांची कन्या, गाणं मात्र एकाचं दुसऱ्यासारखं नाही. तरीही खणायला बसलं की एकाचा धागा दुसऱ्याच्या गळ्यात सापडतोच. त्याचं श्रेय ग्रहांना देऊ नका. ते जातं तबकड्यांना, बोटींना, रेडिओला आणि परक्याचं गाणं कान देऊन ऐकणाऱ्यांना.

इंजिनाचा नंबर चुकला!

वडीलधाऱ्यापासून सुरुवात करू. अंतोनिन द्वोर्झाक, जन्म ८ सप्टेंबर १८४१, गाव प्रागजवळचं नेलाहोझेवेस. वडिलांची खानावळ आणि मटणाचं दुकान. पोरगा युरोपातला नावाजलेला संगीतकार झाला, पण त्याचा जीव अडकलेला असे आगगाड्यांत. प्रागच्या स्टेशनावर जाऊन कोणती गाडी कोणत्या इंजिनाने सुटली याची तो चौकशी करायचा, आणि स्वतःला वेळ नसला की शिष्यांना पिटाळायचा. किस्सा असा सांगतात, की एकदा योसेफ सुक हा शिष्य इंजिनाऐवजी मागच्या कोळशाच्या डब्याचा नंबर टिपून आला. द्वोर्झाकने कपाळाला हात लावला आणि लेकीला सुनावलं, की असल्या माणसाशी तू लग्न करायला निघालीस! लेकीने ते केलंच. सुकही पुढे मोठा संगीतकार झाला.

१८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कंझर्व्हेटरीने द्वोर्झाकला संचालक म्हणून बोलावलं. पगार वर्षाला १५ हजार डॉलर, त्या काळाच्या मानाने डोळे पांढरे करणारा. अडचण एकच होती. तिथे तिकिटाशिवाय फलाटावर सोडत नसत. मग स्वारी बंदरावर जाऊन जहाजं पाहू लागली.

त्याच संस्थेत हॅरी बर्ली हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तो द्वोर्झाकला आपल्या लोकांची भक्तिगीतं गाऊन दाखवायचा, गुलामगिरीच्या दिवसांत शेतांवर जन्मलेली. द्वोर्झाक थक्क झाला. अमेरिकेचं उद्याचं संगीत याच गाण्यांच्या पायावर उभं राहील, असं त्याने जाहीरपणे सांगितलं, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांच्या भुवया उंचावल्या. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली, 'नव्या जगातून' या नावाची. तिच्या दुसऱ्या भागातली संथ धून इतकी लोकांच्या ओठी बसली, की १९२२ मध्ये विल्यम आर्म्स फिशर या त्याच्याच विद्यार्थ्याने तिच्यावर शब्द बेतले. ते गाणं म्हणजे जुनं पारंपरिक भजनच, असं आजही अनेकांना वाटतं. १९६९ मध्ये चंद्रावर निघालेल्या नील आर्मस्ट्राँगने याच सिंफनीची टेप सोबत घेतली होती. रेल्वेवेड्या माणसाच्या संगीताला याहून लांबचा प्रवास घडणं कठीण.

मिसिसिपी, लुइत, गंगा

फिशरच्या त्या गाण्याला अनेक आवाज लाभले. त्यांतला एक पॉल रोबसनचा. विहिरीतून यावा असा खर्ज, आणि वर्णद्वेषाविरुद्ध उभा ठाकलेला माणूस. अर्धशतक उलटल्यावर द्वोर्झाकच्याच न्यूयॉर्कमध्ये एक आसामी तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला. जन्मतारीख ८ सप्टेंबर १९२६, जन्मगाव सदिया, नाव भूपेन हजारिका. प्रौढशिक्षणात दृक्‌श्राव्य साधनं कशी वापरावीत, या विषयावर १९५२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण त्या शहरातून त्यांनी आणलेली खरी कमाई प्रबंधात नव्हती. ती होती रोबसनची भेट.

रोबसन ज्या गाण्यासाठी ओळखला जाई, ते होतं मिसिसिपी नदीचं. काठावर माणसं राबून मरतात आणि नदी आपली निवांत वाहत राहते, हा त्याचा गाभा. भूपेनदांनी ती नदी आसामात आणली आणि थेट जाब विचारायला उभी केली. आसामीत ती लुइत, म्हणजे ब्रह्मपुत्रा. बंगाली आणि हिंदीत ती गंगा झाली. नदी बदलली, भाषा बदलली, सवाल तोच राहिला. एका संगीतकाराने ब्रॉडवेसाठी रचलेलं गाणं भारतातल्या सभांमधून घुमू लागलं, ते या वाटेने.

भूपेनदांच्या खात्यावर आणखी दोन मजेच्या नोंदी आहेत. १९३९ च्या 'इंद्रमालती' या आसामी चित्रपटात त्यांनी लहानपणीच गाणं म्हटलं होतं, आणि पुढे ते आसामच्या विधानसभेत आमदार म्हणूनही बसले. त्यांच्या जन्मगावाला जोडणाऱ्या ९.१५ किलोमीटर लांबीच्या ढोला-सदिया पुलाला आता त्यांचंच नाव आहे. नदीवर गाणाऱ्याचं नाव पुलाला देण्याची बुद्धी ज्याला सुचली, त्याला सलाम.

ब्रेकमनची हाळी

द्वोर्झाकला गाड्या पाहायची हौस, जिमी रॉजर्सला त्यांवर नोकरी. ८ सप्टेंबर १८९७ चा हा मिसिसिपीतला गडी मालगाड्यांवर ब्रेकमन होता. क्षयाने छाती पोखरली, नोकरी सुटली आणि तो गाण्याकडे वळला. साधा आवाज चालता चालता मध्येच तुटून उंच उडी मारतो, तसलं योडलिंग ही त्याची खूण. आज अमेरिकेत त्याला कंट्री संगीताचा जनक म्हणतात.

इथे एक गंमत बघा. रॉजर्सचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं ४ ऑगस्ट १९२७ रोजी. १९३० मध्ये त्याच्या नवव्या 'ब्लू योडल'मध्ये ट्रंपेट वाजवला लुई आर्मस्ट्राँगने, ज्याचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा. आणि हिंदी गाण्यात योडलिंगची धमाल उडवून देणारा किशोरकुमार जन्मला ४ ऑगस्ट १९२९ रोजी. किशोरने ही करामत रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून उचलली, असं त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात.

रॉजर्सच्या तबकड्या केनियातही पोचल्या. तिथल्या किप्सिगिस लोकांना हा आवाज माणसाचा वाटेना. त्यांनी त्याला अर्धा माणूस, अर्धा हरिण ठरवलं, 'जिमी रॉजर्स'चं 'चेमिरोचा' केलं आणि त्याच्यावर गाणी रचली. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी या संग्राहकाने ती मुलींच्या तोंडून ध्वनिमुद्रित केली. तोवर खरा रॉजर्स जाऊन १७ वर्षं झाली होती. मे १९३३ मध्ये त्याची अखेरची रेकॉर्डिंगं झाली, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये पडायला स्टुडिओत खाट टाकावी लागे. त्यानंतर काही दिवसांतच तो गेला, वयाच्या ३५ व्या वर्षी.

बरोबर एका वर्षाच्या अंतराने

८ सप्टेंबर १९३२ : व्हर्जिनियात पॅट्सी क्लाइनचा जन्म. १९५७ मध्ये टीव्हीवरच्या एका गुणशोध कार्यक्रमात तिला झळकायचं होतं. गुणी कलावंत हुडकून आणणाऱ्याचं स्पर्धकाशी नातं असता कामा नये, असा नियम. तिला आणणारी होती तिची सख्खी आई! नातं गुपचूप गिळून दोघी गेल्या आणि पॅट्सी जिंकली. १९६१ मध्ये मोटार अपघातातून ती जेमतेम वाचली. बरगड्या दुखावलेल्या असताना कुबड्या घेऊन स्टुडिओत आली, पण वरचे सूर लागेनात. काही आठवड्यांनी परतली आणि विली नेल्सनने लिहिलेलं 'क्रेझी' गाऊन मोकळी झाली. ३० व्या वर्षी विमान अपघाताने तिला नेलं.

८ सप्टेंबर १९३३ : आशा भोसले. दहा वर्षांच्या असताना, १९४३ मध्ये, 'माझं बाळ' या मराठी चित्रपटात दत्ता डावजेकरांच्या चालीवर पहिलं गाणं. पुढची कारकीर्द मराठी वाचकाला नव्याने काय सांगायची? तेव्हा थेट एका रेकॉर्डिंगला जाऊ. चित्रपट 'उमराव जान', साल १९८१. संगीतकार खय्याम यांनी सांगितलं, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गा. आशाताई बिचकल्या. मग तोडगा निघाला, की एकदा खय्यामसाहेबांच्या पट्टीत मुद्रण करायचं आणि एकदा आशाताईंच्या. खालच्या पट्टीतलं झालं, सगळ्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या खेपेची गरजच उरली नाही. पहिला राष्ट्रीय पुरस्कार त्याच चित्रपटाने दिला.

दुसरा पुरस्कार 'इजाजत'ने. गुलजारांनी आणलेली मुक्तछंदातली ती कविता पाहून राहुल देव बर्मन वैतागले होते. उद्या वर्तमानपत्र आणून चाल लाव म्हणशील, असा त्यांचा टोमणा आजही मैफलींत सांगितला जातो.

आता परदेशातली बहार. ब्रिटनच्या कॉर्नरशॉप या बँडने आशाताईंवरच गाणं केलं, आणि १९९८ मध्ये त्याचं रीमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेच्या ब्लॅक आइड पीजने २००५ मध्ये त्यांच्या जुन्या हिंदी गाण्यांचे तुकडे उचलून गाणं रचलं, त्याला ग्रॅमी मिळालं. बॉय जॉर्जबरोबर गाऊन झालं. ब्रेट ली नावाच्या वेगवान गोलंदाजाबरोबरही गाऊन झालं!

आणि आता धागे जुळवा. ज्या किशोरकुमारच्या गळ्यात रॉजर्सचं योडलिंग होतं, त्याच्यासोबत आशाताईंची शेकडो द्वंद्वगीतं. भूपेनदांनी संगीत दिलेल्या 'रुदाली'त आशाताईंचा आवाज. शिवाय दादासाहेब फाळके पुरस्कार दोघांनाही, १९९२ चा भूपेनदांना आणि २००० चा आशाताईंना.

पंगतीत आणखी कोण?

• पीटर सेलर्स, १९२५. नट म्हणून प्रसिद्ध, पण तरुणपणी बँडमध्ये ड्रम वाजवणारा. १९६० मध्ये भारतीय डॉक्टर बनून सोफिया लॉरेनबरोबर त्याने गायलेलं विनोदी गाणं ब्रिटनमध्ये गाजलं. निर्माता होता जॉर्ज मार्टिन. बीटल्स त्याच्याकडे आले ते त्यानंतर.

• पीटर मॅक्सवेल डेव्हिस, १९३४. इंग्लंडच्या राणीचा अधिकृत संगीतकार. २००५ मध्ये त्याच्या घरी मेलेला राजहंस सापडला म्हणून पोलीस आले. ब्रिटनमध्ये राजहंसांना कायद्याचं संरक्षण आहे. पक्षी विजेच्या तारांना धडकून मेला होता, आणि संगीतकारसाहेब त्याची पाककृती करण्याच्या बेतात होते.

• पिंक, १९७९. दोरांवर लटकून, कोलांट्या मारत गाते. दम लागत नाही, हेच नवल.

• विझ खलिफा, १९८७. त्याच्या 'सी यू अगेन'ने २०१७ मध्ये 'गंगनम स्टाइल'ला मागे टाकून यूट्यूबवर सर्वाधिक पाहिलेल्या व्हिडिओचा मान पटकावला. तो महिनाभरही टिकला नाही. 'देस्पासितो' मागून धावत येतच होतं.

• अवीची, १९८९. खरं नाव टिम बर्गलिंग. रंगमंचावरचं नाव बौद्ध ग्रंथांतल्या सर्वांत खालच्या नरकावरून घेतलेलं. २०१३ मध्ये मायामीच्या महोत्सवात त्याने नाचगाण्यात कंट्रीची वाद्यं घुसवली, तेव्हा लोक हिरमुसले. त्याच प्रयोगातलं 'वेक मी अप' काही महिन्यांत जगभर वाजू लागलं. रॉजर्सचा वारसा डीजेच्या टेबलावर पोचला तो असा. २०१८ मध्ये, २८ व्या वर्षी, अवीची गेला.

त्या दिवशी काय काय घडलं

१९४९ : जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसचं निधन. त्याची अखेरची चार गीतं पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा गायली गेली. खर्चाची हमी घेतली होती म्हैसूरचे महाराजा जयचामराजेंद्र वोडेयार यांनी. ते स्वतः पियानो शिकलेले आणि कर्नाटक संगीतात कृती रचणारे. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करून ते म्हैसूरला धाडलं गेलं.

१९६५ : हॉलिवूडच्या व्यापारपत्रांत जाहिरात झळकली, टीव्ही मालिकेसाठी चार वेडे पोरगे पाहिजेत. शेकडोंनी अर्ज केले. त्यातून मंकीज हा बँड उभा राहिला, आधी पडद्यावर आणि मग खरोखरीचा.

१९६६ : 'स्टार ट्रेक' मालिका सुरू. शीर्षकसंगीत अलेक्झांडर करेजचं. निर्माता जीन रॉडेनबेरीने त्यावर शब्द लिहून ठेवले, जे मालिकेत कधीच गायले गेले नाहीत. पण गीतकार म्हणून अर्धी रॉयल्टी मात्र त्याच्या खिशात गेली. हिशेबात सूर पक्का!

१९७१ : वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर उघडलं, ते लिओनार्ड बर्नस्टाइनच्या 'मास'ने. त्यातल्या लॅटिन शब्दांत युद्धविरोधी संदेश दडवलेला असू शकतो, असा इशारा एफबीआयने दिला होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन आलेच नाहीत.

आठ सप्टेंबरला काय ऐकाल?

सकाळी चहाबरोबर द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीचा दुसरा भाग. लोकलमध्ये रॉजर्स, कारण गाडीच्या खडखडाटात तो जास्त खुलतो. जेवणानंतर डुलकी यायच्या आत भूपेनदा. पाऊस लागला तर पॅट्सी. पोरंबाळं घरी परतली की अवीची. आणि रात्री आशाताई. त्यांचं कुठलं गाणं लावायचं, यावर कुठल्याही मराठी घरात एकमत होणार नाही. त्या भांडणात आम्ही पडत नाही.