माहिती चौकट : खासदारांवरील हल्ले आणि ब्रिटनची संसद

‘सर्जरी’ : खासदाराने मतदारसंघात ठरल्या वेळी बसून नागरिकांची गाऱ्हाणी ऐकण्याची ब्रिटिश प्रथा. ग्रंथालय, चर्च किंवा सभागृहात भरते.

जो कॉक्स : मजूर पक्ष. 16 जून 2016 रोजी बर्स्टॉल येथे ‘सर्जरी’ला जाताना हत्या. मारेकरी कडव्या उजव्या विचारांचा.

डेव्हिड ॲमेस : हुजूर पक्ष. 15 ऑक्टोबर 2021 रोजी ली-ऑन-सी येथील चर्चमध्ये ‘सर्जरी’ सुरू असताना हत्या. मारेकरी ‘इस्लामिक स्टेट’चा समर्थक.

शिक्षा : दोन्ही मारेकऱ्यांना मरेपर्यंत कारावास.

निषेध आणि शोक कसा व्यक्त झाला?
• 2016 : ब्रेक्झिट सार्वमताचा प्रचार दोन्ही बाजूंनी थांबवला.
• दोन्ही वेळा संसदेत सर्वपक्षीय श्रद्धांजली.
• दोन्ही पोटनिवडणुकांत इतर प्रमुख पक्षांनी उमेदवार दिले नाहीत.
• ‘हाऊस ऑफ कॉमन्स’ या कनिष्ठ सभागृहाच्या भिंतीवर दोघांच्याही स्मृतिढाली. कॉक्स यांच्या ढालीच्या रचनेत त्यांच्या दोन मुलांचा सहभाग.

शोकप्रस्ताव आणि निषेध ठराव यांतील फरक : पहिला मृताच्या स्मरणार्थ, दुसरा कृत्याविरुद्ध.

इतिहासात : हत्या झालेले एकमेव ब्रिटिश पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल. 11 मे 1812, कॉमन्सची लॉबी.