पुरंदरचा विमानतळ आणि व्यापाऱ्याची खतावणी

दळणवळणाची साधने वाढली की व्यापार वाढतो, हा आपणां व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बैलगाडीच्या जोडीस आगगाडी आली, पुढे मालमोटार आली, आणि प्रत्येक वेळी पेठा विस्तारल्या. यास्तव पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात प्रवासी व माल या दोहोंसाठी मोठा विमानतळ उभारण्याचे 2016 साली जाहीर झाले, तेव्हा व्यापारी वर्गास आनंद वाटणे स्वाभाविक होते. पुण्याचा लोहगाव विमानतळ वायुदलाचा असल्याने तेथे वाढीस मर्यादा आहेत, ही अडचणही खरी. तथापि आम्ही मूळचे सासवडचे. व्यवसायानिमित्त बेळगावी स्थायिक झालो, तरी त्या मातीचे ऋण आम्हांवर आहे. म्हणून जमेबरोबर नावेची बाजूही आपल्या बांधवांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी अशा सात गावांची जमीन या कामी योजिली आहे. खानवडी हे महात्मा फुले यांच्या पूर्वजांचे गाव. आरंभी सुमारे 2,800 हेक्टर असलेली मागणी 2025 मध्ये सुमारे 1,285 हेक्टरांवर आणण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात ड्रोनद्वारे मोजणी करण्याच्या वेळी ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. मोबदल्याखेरीज विकसित भूखंडाचेही आश्वासन सरकारने दिले असता शेतकरी इतका व्याकुळ का व्हावा, याचा विचार केला पाहिजे.

पुरंदर हा पर्जन्यछायेतील तालुका. तेथील शेतकऱ्याने विहिरी खणून आणि उपसा सिंचनाचे पाणी आणून अंजीर, सीताफळाच्या बागा उभ्या केल्या. पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकन मिळाले तेही 2016 सालीच. खट्टा आणि मीठा असे दोन बहार हे झाड देते, आणि प्रत्येक बहाराचा पैसा सासवडच्या पेठेत येतो. कापड दुकानदार, किराणा व्यापारी, खत-बियाणे विक्रेता, आडत्या आणि हमाल या सर्वांची चूल त्यावर पेटते. मोबदला एकदाच येतो, बहार दर वर्षी येतो. हे गणित आपणांस कोणी शिकवावयास नको.

विमानाचे भाडे जड व स्वस्त मालास परवडत नाही. औषधे, यंत्रांचे नाजूक सुटे भाग, फुले, फळे असा हलका, मोलाचा अथवा नाशवंत माल त्याने जातो. पिकलेले अंजीर दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाही, म्हणजे विमानाची गरज ज्यास सर्वांहून अधिक, तेच हे फळ. विमानाची सोय करावयाची आणि त्यातून जावयाचा मालच उखडून टाकावयाचा, हा कोणता व्यवहार? शिवाय विमानापर्यंत फळ सुस्थितीत पोचण्यास प्रतवारीगृहे आणि शीतगृहे लागतात. ती आधी उभारली, तर अल्प जागेत शेतकऱ्याचे व व्यापाऱ्याचे दोघांचेही हित साधेल.

याच जिल्ह्यात 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला. त्या वेळी पुण्यातील अनेक सावकार-जमीनदार रोख मोबदल्यावर राजी झाले, आणि जमीन कसणारी कुळे मात्र उघडी पडली. त्या इतिहासात धनिक वर्गास भूषण वाटावे असे काही नाही. प्रकल्पाची वार्ता कानी येताच आसपासच्या जमिनी स्वस्तात घेऊन ठेवण्याचा मोह आजही होतो. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने क्षेत्र-वास्तूचा, म्हणजे जमीन व घर यांचा, उल्लेख प्रथम केला आहे. तो हाच मोह ओळखून केला असावा, असे आम्हांस वाटते.

आम्ही विमानतळाचे विरोधक नव्हे. बागायतीस शक्य तितके वगळावे, भूमिहीन मजुरांचाही पुनर्वसनात समावेश व्हावा, आणि घर व उपजीविका यांची व्यवस्था झाल्यावाचून कोणास हलवू नये, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्या मंडळाने ते सरकारदरबारी पोचवावे, आणि सभासद बंधूंनी तेथील जमिनीच्या सट्ट्यापासून दूर राहावे. पिकविणारा टिकला तरच विकणारा टिकेल.