हाताच्या मुंग्या, मानेचे मणके आणि आपली बैठक



गुंजी व खानापूर परिसरातील अनेक घरांतील मुले-मुली आज बेळगाव, पुणे वा गोव्यात संगणकासमोर बसून नोकरी करीत आहेत. "हात दुखतो, रात्री मुंग्या येतात, बोटे बधिर होतात" ही तक्रार त्यांच्याकडून, तसेच गावातील लिखापढी करणाऱ्या मंडळींकडूनही वारंवार ऐकू येते. त्यावर "शीर शिरेवर चढली" असे म्हणून हात ओढणे, मानेला हिसका देणे, प्रसंगी डाग देणे हे प्रकार अद्यापि पूर्णपणे थांबलेले नाहीत. त्यात महत्त्वाचे महिने निघून जातात. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

"शीर" या शब्दाने आपण रक्तवाहिनी व मज्जातंतू या दोहोंचा निर्देश करतो, आणि गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. शीर शिरेवर चढत नाही. मज्जातंतू दाबला जातो. हातास चेतना देणारे मज्जातंतू मानेच्या खालच्या मणक्यांमधून निघतात, गळपट्टीच्या हाडामागून काखेत येतात आणि कोपर व मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. या वाटेवर कोठेही दाब पडला तरी मुंग्या बोटांतच जाणवतात. त्यामुळे जेथे दुखते तेथेच रोग असे धरून चालत नाही.

दाब कोठे आहे याचा पुष्कळसा उलगडा बोटांवरून होतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची त्या बाजूची अर्धी कड बधिर होत असेल, रात्री झोपमोड होऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर दाब बहुधा मनगटात असतो. तेथील अरुंद बोगद्यातून 9 स्नायुबंध व एक मज्जातंतू एकत्र जातात. थोडी सूज आली तरी मज्जातंतूस जागा उरत नाही. मधुमेह, थायरॉईडची कमतरता व गरोदरपण यांत हा त्रास अधिक आढळतो. करंगळी व अनामिकेत मुंग्या येत असतील तर कोपराकडे पाहावे. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसणे, हात पूर्ण दुमडून झोपणे ही त्याची नेहमीची कारणे होत. वेदना मानेपासून खांद्यावरून खाली विजेसारखी उतरत असेल आणि हात डोक्यावर ठेवल्यास हलके वाटत असेल, तर मणक्यांमधील चकती किंवा वाढलेले हाड हे कारण संभवते.

प्रत्येक हातदुखी मज्जातंतूची नसते, हेही ध्यानात असावे. सचिन तेंडुलकर यांना 2004 साली ज्या "टेनिस एल्बो"ने मैदानाबाहेर ठेवले, तो कोपराच्या बाहेरील स्नायुबंधाचा विकार. त्यात बोटे बधिर होत नाहीत.

बैठ्या कामाचा हा जाच नवा नाही. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत कारकुनांच्या व्याधींची तीन कारणे नमूद केली होती : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. हिशेब लिहिणाऱ्यास तिसरे कारण विशेष पटावे. आपल्या जुन्या पेढ्यांवरील मुनीमजींचे मेज उतरते असे. त्यामुळे वही डोळ्यांकडे उचलली जाई व मान कमी वाकत असे. लॅपटॉपने ही सोय घालविली. त्याचा पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले असल्याने एक तर मान वाकते, नाही तर हात अवघडतात. तेव्हा लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवावा व कळफलक वेगळा जोडून घ्यावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत व पडदा सुमारे हातभर अंतरावर असावा. मात्र दुहेरी काचांचा चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा थोडा खालीच ठेवावा, अन्यथा खालच्या काचेतून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते. कोपरे अंगालगत व टेकलेली, मनगट सरळ, माऊस जवळ, पाय जमिनीवर. ते पोहोचत नसल्यास खाली पाट घ्यावा. फोन कान व खांद्यामध्ये दाबून बोलू नये. तथापि आदर्श बैठकीतही तास न् तास बसणे वाईटच. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालणे हे महागड्या खुर्चीहून अधिक उपयोगी.

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या भगिनींचा विचार येथे केलाच पाहिजे. मांडीवर सूप, खाली झुकलेली मान, अखंड चालणारी बोटे, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यांना "विश्रांती घ्या" असे सांगणे सोपे आहे. घेतलेली विश्रांती मजुरीतून जाते. निदान सूप मांडीऐवजी लहान चौरंगावर घ्यावे, पाठ भिंतीस टेकावी, एवढे तरी घरच्या घरी करता येते.

मनगटाच्या त्रासात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा. कोपराच्या त्रासात कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपावे. मानेच्या दुखण्यात बहुतेकांस काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत, शस्त्रक्रियेविना उतार पडतो. या काळात शीर्षासन व सर्वांगासन टाळावे. पालखीस खांदा देणाऱ्यांपैकी ज्यांचा हात बधिर होतो, त्यांनी बरे वाटेपर्यंत ती सेवा दुसऱ्याकडे सोपवावी. खांद्यावरील जड दांड्याचा भार थेट त्याच मज्जातंतूंवर येतो.

हातातून वस्तू निसटू लागणे, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग खोलगट होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही थांबू नये. छातीत दडपण व घामासह डावा हात दुखू लागल्यास ते हृदयाचे दुखणे समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

एरवी प्रथम खानापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. गरज भासल्यास मज्जातंतूंच्या वहनाची तपासणी बेळगावातील मोठ्या रुग्णालयांत करून घेता येते. जाताना कोणती बोटे, केव्हा व कशाने बधिर होतात हे आठवडाभर कागदावर टिपून न्यावे, आणि रक्तातील साखर, थायरॉईड व ब-12 जीवनसत्त्वाचे पूर्वीचे अहवाल असल्यास तेही सोबत ठेवावेत.

— सचिव