कंपोस्टाच्या पद्धती आणि गावाचे श्रम

ग्रामीण कंपोस्टाची चर्चा बहुधा रसायनाच्या अंगाने होते. ती आवश्यकच आहे; परंतु एखादी पद्धत गावात रुजते की नाही, याचा निर्णय पुष्कळदा श्रमाच्या हिशेबावर होतो, असे या पद्धतींचा इतिहास पाहता वाटते.

रसायनाचा भाग थोडक्यात असा. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे यांत कर्ब विपुल व नत्र अल्प असते. असा काडीकचरा कच्चाच शेतात घातल्यास तो कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनीतील उपलब्ध नत्र स्वतःच उचलतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून शेण व मूत्र मिसळून कर्ब-नत्राचे प्रमाण सुमारे ३०:१ वर आणावयाचे व कुजण्याची क्रिया शेताबाहेरच उरकून घ्यावयाची, हे कंपोस्टाचे मर्म होय.

इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी, यशवंत वाड यांच्या सहकार्याने, ही क्रिया शास्त्रीय पायावर उभी केली. हवा खेळावी म्हणून ढीग ठरावीक अंतराने वरखाली करावा लागे. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत मिळे खरे. पण ओल्या, जड ढिगाची ही उलथापालथ कोणी करावयाची? संशोधनसंस्थेत मजूर असतात, लहान शेतकऱ्याच्या घरी ऐन निंदणीच्या दिवसांत ते नसतात. पुढे बंगलोर येथे सी. एन. आचार्य यांनी खड्डा थराथरांनी भरून मातीने लिंपून टाकण्याची पद्धत सुचविली. श्रम वाचले, मात्र हवेअभावी कुजणे मंदावले व सहा ते आठ महिने लागू लागले.

पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ पद्धतीने (नाव त्यांच्याच आद्याक्षरांचे) हा पेच विटांच्या भिंतीत सोडविला. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा टाक्याच्या भिंतींत भोके ठेवली की हवा आत शिरते. ढीग हलवावा लागत नाही. दीड टनाच्या आसपास काडीकचऱ्यास शेण अवघे १०० किलो पुरते. जेथे शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात, तेथे ही काटकसर लहान नव्हे. माती मात्र कचऱ्याहूनही अधिक लागते, आणि पाणी हजार-दीड हजार लिटर. टंचाईच्या गावी हेच टाके उन्हाळ्यात कोरडे राहते.

गावाने एकत्र खत करावयाचे ठरविले, की श्रमाचा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे येतो. घरोघरी प्लॅस्टिक व काच वेगळी न काढल्यास ती निवडण्याचे काम कोणाच्या तरी हातांवर पडते, आणि ते हात कोणाचे, हे आपल्या गावांत जातीने फार पूर्वीच ठरवून ठेविले आहे. तयार खत जाते ते जमीनधारकांकडे. निवडणारा बहुधा भूमिहीन असतो. ग्रामपंचायतीने खत विकून त्यातून मजुरी द्यावी, हा एक मार्ग आहे. परंतु मातीमिश्रित जड खताचा भाव वाहतुकीच्या खर्चापुढे टिकत नाही, तेव्हा गिऱ्हाईक गावच्या शिवारातच शोधावे लागते.