तोंडाभोवतीचे पुरळ आणि शेजारणीची ट्यूब

घरातले लग्न चार दिवसांवर आलेले असते आणि नेमक्या त्याच वेळी हनुवटीवर, नाकाच्या कडेला बारीक लाल पुटकुळ्या उठतात. शेजारीण म्हणते, ‘‘अगं, माझ्याकडे एक ट्यूब आहे. दोन रात्री लाव, चेहरा साफ होईल.’’ आणि खरोखरच तिसऱ्या दिवशी चेहरा साफ होतो! लग्न पार पडते, ट्यूब कपाटात जाते. थोड्याच दिवसांत पुटकुळ्या परत येतात, पूर्वीपेक्षा जास्त. पुन्हा ट्यूब बाहेर निघते. काही स्त्रियांची या चक्रात वर्षे निघून जातात.

या त्रासाला डॉक्टर ‘पेरिओरल डर्मटायटिस’ म्हणतात. त्याची खूण आरशात सहज दिसते. ओठांना लागून त्वचेची एक अरुंद पट्टी स्वच्छ असते आणि पुटकुळ्या तिच्यापलीकडे असतात. कधी त्या नाकपुड्यांच्या, डोळ्यांच्या आसपासही उठतात. सावळ्या रंगावर लाली तितकीशी दिसत नाही, पुटकुळ्या तपकिरी वाटतात. मुरुमांसारखे ब्लॅकहेड्स यात नसतात आणि खाजेपेक्षा चुरचुर जास्त होते. वीस ते पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रियांत हा त्रास अधिक आढळतो, पण लहान मुलेही सुटत नाहीत. तो संसर्गजन्य नाही. बाळाचा पापा घ्यायला काहीच हरकत नाही.

याचे मूळ कारण पुरते उलगडलेले नसले तरी सर्वांत मोठा संशयित ठाऊक आहे : चेहऱ्यावर लावलेले स्टेरॉइडचे मलम. ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, दाह दाबून टाकते, म्हणून लाली झटपट जाते. मलम थांबले की रक्तवाहिन्या पुन्हा फुलतात आणि दबलेला दाह उसळून येतो. 1964 साली या विकाराला हे नाव मिळाले, तो काळही तीव्र स्टेरॉइड मलमांचा वापर वाढण्याचाच होता.

आपल्याकडे ही औषधे गोरेपणाच्या आणि दाद-खाजेच्या क्रीममध्ये मिसळलेली असतात. 2018 मध्ये सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले, तरी चिठ्ठी न मागता ट्यूब देणारे केमिस्ट आहेतच. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामिथेसोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती ट्यूब स्टेरॉइडची समजावी.

उपचाराची सुरुवात काही लावण्याने नव्हे, लावणे थांबवण्याने होते. मलम, फाउंडेशन, जाड कोल्ड क्रीम, साय, बेसन-लिंबू, सारे बंद! कोमट पाण्याने हलक्या हाताने चेहरा धुवावा, टॉवेलने घासू नये. फ्लोराइडची टूथपेस्टही काहींना बाधते. डॉक्टरांनी सुचवल्यास काही दिवस ती बदलून पाहावी.

खरी परीक्षा इथेच असते. मलम सोडल्यावर पहिले काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, चेहरा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. सासूबाई विचारतात, ‘‘हे काय गं झालं?’’ ऑफिसात मैत्रिणी नवीन क्रीमची नावे सुचवतात. नवऱ्यालाही वाटते, आधीचेच बरे होते. अशा वेळी घरच्यांना अगोदरच सांगून ठेवावे की हे वाढणार आहे आणि नंतर उतरणार आहे. तीव्र मलम बरेच महिने लावलेले असेल, तर मात्र ते एकदम सोडू नये. अशा वेळी डॉक्टर कधी सौम्य मलमावर आणून मग हळूहळू थांबवतात.

सौम्य त्रासात मेट्रोनिडाझोल किंवा एरिथ्रोमायसिनचे जेल दिले जाते. जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात. दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. लहान मुलांनाही वेगळे औषध लागते. दम्याच्या पंपातही बहुधा स्टेरॉइड असते, पण तो आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. पंप घेतल्यावर चूळ भरून तोंडाभोवतीचा भाग धुवावा.

चेहरा पूर्ण निवळायला बहुतेकदा काही आठवडे, कधी महिने लागतात. आणि डॉक्टरांकडे जाताना शेजारणीची ती ट्यूब संकोच न करता पर्समध्ये टाकावी. कोणते मलम किती दिवस लावले, हे कळल्याशिवाय डॉक्टरांनाही पुढचे औषध ठरवता येत नाही.