घरच्या घरी डायलिसिस : उदरावरणाचे वरदान

मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान होताच बहुतेक कुटुंबांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : आठवड्यातून तीनदा रुग्णालय आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राजवळ पडून राहणे. दुकान वा पेढी सांभाळणाऱ्यास हा वेळ फार जड जातो. दुसराही मार्ग आहे, हे मात्र अनेकांना वेळेवर कळत नाही.

उदरपोकळीस आतून पेरिटोनियम नावाचे पातळ आवरण असते. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून साधारण २ लिटर द्रावण आत सोडले, की रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी या आवरणातून झिरपून त्यात उतरतात. काही तासांनी ते काढून नवे भरावयाचे. हीच पेरिटोनियल डायलिसिस.

१९६८ मध्ये हेन्री टेन्कहॉफ यांनी कायमस्वरूपी नळी सिद्ध केली. १९७६ मध्ये अमेरिकेतील पोपोविच व मॉनक्रीफ यांनी दिवसभर अखंड चालणारी पद्धत मांडली. पुढे टोरांटोच्या ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरात आणल्या आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण घटले.

अलीकडे हा उपचार अधिक सुसह्य झाला आहे. सायकलर नावाचे यंत्र रात्री झोपेत द्रावणाची अदलाबदल करते. काही यंत्रे त्याची नोंद दूर असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवितात. मूत्रपिंडांची थोडी शक्ती शिल्लक असल्यास आरंभी कमी वेळा द्रावण बदलूनही भागते. पिष्टापासून बनणारे आयकोडेक्स्ट्रिन हे द्रावण साखरेच्या द्रावणाहून अधिक काळ पाणी ओढत राहते. मात्र ते वापरणाऱ्या मधुमेही रुग्णांनी सावध असावे. काही ग्लुकोमीटर अशा वेळी साखर प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात; त्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते. कोणता मीटर चालेल, हे डॉक्टरांनाच विचारावे.

या उपचाराचा पाया म्हणजे स्वच्छता. हात नीट धुणे, मुखपट्टी बांधणे, पंखा बंद ठेवणे, यांत एक दिवसही हयगय नको. बाहेर आलेले द्रावण गढूळ दिसले, पोट दुखू लागले वा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. द्रावणावाटे प्रथिनेही निघून जातात. म्हणून शाकाहारी रुग्णाने डाळी, पनीर, दही यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. कारण याच पदार्थांतून फॉस्फरसही शरीरात जातो.

पोटावर अनेक शस्त्रक्रिया झालेल्यांना ही पद्धत मानवेलच असे नाही. शासनाच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून तिचाही समावेश आहे. आपल्या जिल्ह्यात कोणती सोय आहे, याची चौकशी अवश्य करावी.

धाप लागून रुग्णालयात धावावे लागले, की निवडीला अवकाश उरत नाही. क्रिएटिनिन वाढत असल्याचे कळताच दोन्ही पद्धतींविषयी विचारावे, आणि रोजची जबाबदारी घरातील कोण पेलू शकेल, याचा निर्णय रुग्णासह सर्वांनी एकत्र बसून घ्यावा.