पांडाच्या वैरणीची मोजदाद

दावणीला किती जनावरे ठेवावयाची, हे शेतकरी घरच्या वैरणीवरून ठरवितो. गंजी पावसाळ्यापर्यंत पुरेल की नाही, याचा अंदाज तो माघ-फाल्गुनातच घेतो. हाच हिशेब चीन देशात एका रानटी प्राण्यासाठी केला जातो. सिचुआन, शान्शी व गान्सू या प्रांतांच्या थंड डोंगरांत राहणारा पांडा हा तो प्राणी होय. 2011 ते 2014 या काळातील गणनेत रानात 1,864 पांडांची नोंद झाली. त्यांची वैरण म्हणजे बांबू. तो किती आहे व किती प्राण्यांस पुरेल, हे ठरविण्याची रीत आपल्याकडील चराऊ रानांच्या व बांबूवनांच्या दृष्टीनेही समजून घेण्याजोगी आहे.

खाणे फार, पचणे थोडे

पांडा अस्वलांच्या कुळातला आहे. त्याच्या आहारात शेकडा 99 भाग बांबू असला तरी त्याचे पोट मांसाहारी प्राण्याच्या धर्तीचे आहे. गाईम्हशींप्रमाणे त्यास रवंथ करता येत नाही. खाल्लेल्या बांबूतील शुष्क अंशापैकी शेकडा 17 च्या सुमारास भाग तेवढा त्याच्या अंगी लागतो. म्हणून त्यास रोज 12 ते 38 किलो बांबू खावा लागतो. कोवळ्या कोंबांत पाणी अधिक असल्याने कोंबांच्या दिवसांत हे प्रमाण सर्वात मोठे असते.

मोजणीची रीत

सारे रान मोजणे अशक्य असते. म्हणून आपल्याकडील पीक कापणी प्रयोगाप्रमाणे नमुन्याचे चौरस आखतात. प्रथम रानाचे उंची, उतार, झाडांची सावली व बांबूची जात यांनुसार भाग पाडतात. प्रत्येक भागात, बहुधा एक मीटर लांब व एक मीटर रुंद असे चौरस घेऊन त्यांतील प्रत्येक काठी मोजतात. यंदाचे कोंब, एक वर्षाची काठी, जुनी काठी व वाळलेली काठी यांची नोंद वेगवेगळी होते. काठीची बुंध्याशी जाडी व उंची घेतात. काही काठ्या कापून त्यांची पाने व खोड निरनिराळे वाळवून तोलतात. जाडीवरून वजन काढण्याचे प्रमाण एकदा बसले, म्हणजे पुढे बांबू न कापताही अंदाज करता येतो.

कागदावरचा हिशेब व रानातला हिशेब

समजा, एका चौरसात खाण्याजोगा एक किलो बांबू मिळाला. म्हणजे हेक्टरी 10,000 किलो झाला. रोज 15 किलो धरल्यास एका पांडास वर्षास सुमारे 5,500 किलो लागतात. या हिशेबाने एका हेक्टरवर जवळजवळ दोन पांडा पोसले जावेत. परंतु सिचुआनमधील वोलोंग येथे 1980 नंतरच्या वर्षांत हु जिनचू व जॉर्ज शॅलर यांनी केलेल्या अभ्यासात एकेका पांडाचा वावर सुमारे 4 ते 6 चौरस किलोमीटर, म्हणजे 400 ते 600 हेक्टरांत आढळला.

ही तफावत का पडते? सगळा बांबू उपयोगाचा नसतो. पांडा जाड कोंब निवडतो व बारीक सोडतो. ऋतूप्रमाणे कधी पाने, कधी खोड, कधी कोंब खातो. फार उभ्या चढणीवर तो चरत नाही. त्यास पाणी व पिलांसाठी जुन्या झाडांची ढोली जवळ लागते. शिवाय भागीदारही असतात. वोलोंगमध्ये गावकऱ्यांनी रानात सोडलेले घोडे पांडाचाच बांबू फस्त करीत असल्याचे आढळून आले. सबब, डोळ्यांस दिसणारी हिरवळ व प्रत्यक्ष हाती येणारी वैरण यांत मोठे अंतर असते.

फुलोऱ्याचे संकट

बांबूस अनेक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. एका जातीचा बांबू विस्तीर्ण प्रदेशात एकाच वेळी फुलतो, बी धरतो आणि मरतो. बियांपासून नवे रान खाण्याजोगे होण्यास दहा-वीस वर्षे लागतात. 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास मिनशान डोंगरांत असा फुलोरा आला, तेव्हा 138 पांडांचे मृतदेह सापडले. 1983 साली वोलोंगकडील उंचावरचा बांबू फुलून मेला; परंतु तेथे खालच्या उतारावर दुसऱ्या जातीचा बांबू शिल्लक होता. तिकडे उतरून अनेक पांडा तगले. पूर्वी पांडा एक रान सोडून दुसऱ्या रानात जात असे. शेती व लाकूडतोड यांनी खालचे उतार मोकळे झाल्यावर ही वाट अनेक ठिकाणी बंद झाली. यास्तव मोजणीत वजनाइतकेच महत्त्व जातींच्या संख्येस देतात. एकाच जातीचे दाट रान आज समृद्ध दिसले, तरी ते पुढे धोक्याचे ठरू शकते.

आपण काय घ्यावे

चंद्रपूर, गडचिरोली व मेळघाट येथील मानवेलही फुलल्यावर मरतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास 2011 साली आपल्या रानातील बांबू विकण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर अनेक ग्रामसभांकडे हे काम आले आहे. हक्काबरोबर मोजदादीची जबाबदारीही येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

1. तोडीपूर्वी नमुन्याची बेटे ठरवून त्यांतील कोंब, नव्या काठ्या व पक्व काठ्या वेगळ्या मोजाव्यात.

2. कोंब व कोवळ्या काठ्या राखून फक्त पक्व काठ्या तोडाव्यात.

3. कोणत्या भागात, कोणत्या साली फुलोरा आला, याची नोंद गावाच्या दप्तरी ठेवावी.

4. फुलोऱ्यानंतर बी राखावे व नवी रोपे वर येईपर्यंत त्या जागी चराई व वणवा होऊ देऊ नये.

5. रानात व बांधावर एकाहून अधिक जातींचा बांबू राखावा.

गंजी संपल्यावर शेतकरी बाजारातून कडबा आणू शकतो. रानातील जनावरास ती सोय नाही. त्याच्यासाठी हिशेब माणसानेच, तोही वेळेवर, करावयास हवा.